कुंकू लावलेली तेरा अंडी

जून लागला की आमच्या ट्रॉयमध्ये कापूस उडतो. शेवरीचा नव्हे, इथल्या कॉटनवूड नावाच्या ताडमाड झाडांचा. ड्राइव्हवेवर, डेकवर, एसीच्या जाळीवर त्याचा पांढरा लगदा साचतो. शेजारीपाजारी शिंकत शिंकत गवत कापतात. रस्तोरस्ती नारिंगी पिंपं उभी राहतात, म्हणजे आता चार महिने खोदकाम. मिशिगनमध्ये दोनच ऋतू, हिवाळा आणि रस्त्याचं काम, असं इथले लोक म्हणतात. आमच्या घरात एक तिसराही आहे. परवा सकाळी बेसमेंटमध्ये उतरलो, तर चिवडा ओल्या शेवाळाच्या डब्यात शिरून अंगाच्या वेटोळ्यानं खळगा कोरत होती. पोटाचा मागचा भाग फुगलेला, खवले ताणून एकमेकांपासून सुटलेले. ओल्या शेवाळाचा तो जंगली, थोडा कुजकट, थोडा गोड वास नाकात गेला आणि मी पायरीवर बसलोच. दोन वर्षांपूर्वीचा अख्खा उन्हाळा त्या एका वासातून वर आला.

चिवडा ही आमची सापीण. कॉर्न स्नेक. चार फूट लांब, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, पोटावर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा सोंगटीपट. बिनविषारी, गरीब, आणि माझ्या कानांच्या कृपेनं घरात आलेली.

झालं असं. आमची सई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती आणि तिची आई, म्हणजे माझी बायको मुग्धा, एका शनिवारी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनाला गेल्या होत्या. तिथे सईनं साप घेऊ या म्हणून भुणभुण लावली. मुग्धानं काय केलं, तर "बाबाला विचार" म्हणून फोन तिच्या हातात दिला. नकार आपल्या तोंडून जायला नको, ही या बाईची जुनी युक्ती. इकडे मी कामाच्या कॉलवर, एका कानात जर्मन साहेब, दुसऱ्या कानात पोरगी.

"बाबा, कॅन वी गेट अ कॉर्न स्नेक?"

मी ऐकलं, कॉर्न स्नॅक. मला वाटलं, मक्याचा चिवडा. म्हटलं, "एक कशाला? दोन घ्या. आणि तिखट बघून घ्या."

संध्याकाळी दोन डबे घरी आले. त्यात बुटाच्या नाडीएवढाले दोन साप. मुग्धा माझ्याकडे जे बघत होती त्याला मराठीत शब्द नाही. सई मात्र इतकी खूश की तिनं नावंही माझ्या या घोटाळ्यावरूनच बेतायचं ठरवलं. एकाचं चिवडा. दुसऱ्याचं नाव मी सुचवलं, भडंग. म्हटलं, भुजंगाशी यमक तरी जुळतंय. विकणाऱ्यानं दोन्ही नर आहेत असं छातीठोक सांगितलं होतं. पुढे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर चिवडा मादी. तोवर नाव पक्कं झालं होतं. "तो चिवडा" म्हणता म्हणता आम्ही "ती चिवडा" म्हणायला लागलो, आणि पाहुण्यांना वाटलं अमेरिकेत राहून यांचं मराठी बिघडलं.

साप पाळला की माणसाला पहिली गोष्ट कळते ती म्हणजे आपण किती बडबडतो. त्याला आपलं नाव माहीत नाही, आपली बढती माहीत नाही. तो हातावर येतो, कारण हात गरम असतो. बस. कुत्र्यासारखं शेपूट हलवून तो आपली समजूत काढत नाही. मनगटाभोवती त्याचं थंड, कोरडं, रेशमी वजन सरकत जातं आणि आपण आपोआप हळू श्वास घ्यायला लागतो. कात टाकायच्या आधी आठवडाभर त्याचे डोळे निळसर दुधाळ होतात. मग एका सकाळी काचपेटीत नखशिखांत, अगदी डोळ्यांवरच्या भिंगांसकट, एक पारदर्शक चिवडा पडलेली असते आणि शेजारी दुसरी, नवीकोरी. असा जुना मी उलटा करून कोपऱ्यात टाकायची सोय माणसाला असती, तर आमच्या बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा उरली नसती.

सई बारा वर्षांची झाली आणि तिनं जाहीर केलं की आता यांची पिल्लं करायची. वेगवेगळ्या पेट्यांत राहणारे हे दोन जीव, त्यांना हिवाळ्यात दोन महिने बेसमेंटच्या सगळ्यात गार कोपऱ्यात, उपाशी, अंधारात ठेवलं. मिशिगनची थंडी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आली. मार्चमध्ये बाहेरचं बर्फ काळं पडून वितळायला लागलं तेव्हा त्यांना ऊब दिली, पोटभर खायला घातलं, आणि सईनं कागदावर चौकोन आखून कुठल्या रंगाची पिल्लं होतील त्याचा तक्ता मांडला. मी म्हटलं, "अगं, ही तर पत्रिका." छत्तीस गुण जुळले का विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, धिस इज सायन्स." एप्रिलमध्ये लग्न लागलं. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे.

नेमक्या त्याच एप्रिलात माझ्या सासूबाई, मीही त्यांना आईच म्हणतो, सहा महिन्यांसाठी आल्या. सापांचं त्यांना काही कळवलं नव्हतं. वय झालेलं, एकट्या राहणाऱ्या, त्यांना कशाला धक्का, असा माझा उदात्त विचार. बेसमेंटला "माझं ऑफिस" असं नाव दिलं. आठ दिवस निभावलं. पण परदेशातल्या मराठी घरात दह्याच्या डब्यात दही असेल अशी कुणी अपेक्षा ठेवत नाही, हे मी विसरलो. फ्रीजरमध्ये दह्याच्या एका डब्यात ओला नारळ होता, दुसऱ्यात पुरण, आणि तिसऱ्यात सापांसाठी आणलेले गोठवलेले उंदीर. आईंना नारळ हवा होता.

त्या किंचाळल्या नाहीत. डबा घेऊन माझ्यासमोर आल्या आणि शाळेत तीस वर्षं पोरांना जशा विचारत आल्या होत्या तशाच शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या ऑफिसात मांजर आहे का लांबडं?"

आईंचं माहेर शिराळ्याच्या बाजूचं. तिकडे सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. त्या खाली आल्या, चष्मा पुसून चिवड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर आपल्या धामणीची धाकटी बहीण. गरीब असते. एवढंसं सांगायला आठ दिवस लागले तुम्हाला?" सई त्या दिवसापासून आजीची झाली. "लांबडं" हा शब्द तिला इतका आवडला की शाळेतल्या दोन अमेरिकन मैत्रिणीही तो म्हणायला लागल्या.

आता माझ्या धंद्याचं सांगितलं पाहिजे. मी मोटारींच्या एसीवर काम करतो. गाडीतली हवा बाहेरच्या उणे वीस फॅरनहाइटला आणि शंभरलाही कशी सुखाची ठेवायची, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे अंडी उबवायची पेटी विकत आणू या असं सई म्हणाली तेव्हा माझ्या अभिमानाला ठेच लागली. सहलीचा थर्मासचा मोठा डबा घेतला, आत गरम होणारी वायर, एक सेन्सर, एक छोटा पंखा. हवं होतं ब्याऐंशी फॅरनहाइट. पहिल्या दिवशी सत्त्याण्णव झालं. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. तिसऱ्या दिवशी आईंनी आत मनगट घातलं, क्षणभर डोळे मिटले आणि निकाल दिला, "विरजणाला चालेल. अंड्यांना नाही." मग त्यांनीच पंख्यापुढे एक पुठ्ठा आडवा लावायला सांगितला, वारा एकाच जागी बसत होता म्हणून. ब्याऐंशी. मी ऑफिसात हे कुणाला सांगितलेलं नाही.

मे अखेरच्या शनिवारी सकाळी अंडी झाली. मराठी व्याकरणाची कृपा बघा: "चिवड्यानं अंडी घातली" या वाक्यात तो की ती, कुणाला पत्ता लागत नाही. तेरा अंडी. कोंबडीच्यासारखी कडक नाहीत. लांबट, पांढरी, कातड्यासारखी मऊ. नऊ एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झालेला, चार सुटी. चिवडा दमून बाजूला सुरकुतून पडली होती.

सई म्हणाली, "बाबा, पेन्सिल. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला डॉट करायचा. सापाचं अंडं फिरवलं तर आतलं बेबी मरतं."

दोन इंजिनिअरांच्या घरात पेन्सिल सापडेना. मी वर धावलो, सगळे ड्रॉवर उपसले, आणि देवघरापाशी माझ्या डोक्यात ती दिव्य कल्पना आली. कुंकवाची डबी घेऊन खाली आलो. नागोबाच्या लेकरांना टिळा! मी स्वतःवरच खूश होतो.

"इज दॅट वॉटरप्रूफ?" सईनं विचारलं.

"तुझ्या आईच्या कपाळावर दिवसभर टिकतं."

"आई टिकली लावते. दॅट्स अ स्टिकर."

पण तोवर मी अनामिका बुडवून तेरा टिळे लावलेही होते. अंडी एका डब्यात ओल्या भुश्यात मांडली, डबा पेटीत ठेवून झाकण लावलं. आत हवा इतकी दमट, की झाकणाच्या आतून थेंब ओघळायचे. आठवड्याभरात टिळ्यांचे ओघळ झाले, आणि महिन्याभरात सगळी अंडी सारखी गुलाबी. रंगपंचमी खेळून आल्यासारखी.

त्या उन्हाळ्याचा रंग माझ्या मनात तोच आहे, तो फिका, ओलसर गुलाबी. आईंनी त्या पेटीच्या उबेत एक वाटी विरजण ठेवायला सुरुवात केली होती, आणि तसं दही पुन्हा या घरात लागलं नाही. सई शाळा होती तोवर रोज घरी आली की दप्तर न काढता खाली, सुट्टी लागल्यावर दिवसभरच खाली. मुग्धा "मला त्यात ओढू नका" म्हणत म्हणत तापमानाची वही लिहायची. मी रोज एकदा पेटीवर कान ठेवायचो. काही ऐकू यायचं नाही. तरी ठेवायचो.

मग चार जुलै आला, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. दुपारी बायका परेड बघायला गेल्या. गल्लीत पोरांनी सकाळपासूनच फटाके लावलेले, आणि माझ्या मनानं घेतलं की या धडाडधूममुळे अंडी दचकतील. सापाला बाहेरचे कानच नसतात, आणि अंड्यातल्या सापाला तर बाहेरचं काहीच नसतं, हे सगळं मला माहीत होतं. तरी अंड्यांचा डबा पेटीतून उचलला आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवायला निघालो. पायात स्लिपर. पुढे काय झालं ते स्लिपर घालून बेसमेंटच्या गुळगुळीत फरशीवर घाईनं चाललेल्या कुणालाही सांगायला नको. पडलो नाही, डबा वाचवला. पण तो कलला. नऊचा गठ्ठा जागच्या जागी. सुटी चार अंडी मात्र, लाडू घरंगळावेत तशी, भुश्यातून गडगडत कडेला गेली.

चारही गुलाबी. सगळीकडून गुलाबी.

फोनचा टॉर्च अंड्यांना टेकवून आत पाहिलं. कवचाखाली केसासारख्या लाल शिरा दिसत होत्या. म्हणजे जीव होते. पण वर कुठे आणि खाली कुठे, ते शिरांवर लिहिलेलं नसतं. अंदाजानं ठेवली. संध्याकाळी सगळ्या हसत, उन्हानं लाल होऊन परत आल्या आणि मी कुणाला काही बोललो नाही.

आठवड्यानं त्या चारांतल्या एका अंड्यावर राखाडी बुरशी धरली आणि ते आत बसलं. सईनं ते चमच्यानं अलगद बाजूला केलं. माझा चेहरा बघून मला म्हणाली, "इट्स ओके, बाबा. होतं असं. इट्स नोबडीज फॉल्ट." तिनं माझी समजूत काढली! माणसाच्या आयुष्यात लाज वाटायचे प्रसंग पुष्कळ येतात, मला तर सवय आहे, पण हा वेगळा होता. रात्री ताटावर बसलो की आईंच्या त्या दह्याची वाटी मी बाजूला सारायचो.

जुलैच्या शेवटी गठ्ठ्यातलं पहिलं अंडं चिरलं. ब्लेडनं कापल्यासारखी एक बारीक रेघ, आणि तिच्यातून काडीच्या टोकाएवढं नाक. मग दुसरं, पाचवं, नववं. नऊ रेघा, नऊ नाकं. साप अंड्यातून घाईनं येत नाही. डोकं बाहेर काढून एक-दीड दिवस जगाकडे बघत बसतो, आवडलं नाही तर पुन्हा आत जातो. सई हातानं तोंड दाबून नाचत होती. आणि मी त्या नऊ नाकांच्या पलीकडे त्या तीन सुट्या अंड्यांकडे बघत होतो. तिथे काही नाही.

तिसऱ्या दिवशी नागपंचमी आली. आईंनी पाटावर गंधानं नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. सईनं लगेच सांगितलं, "आजी, साप दूध पीत नाहीत." आई म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. पुढे ठेवायचं असतं. शेवटी पितो आपणच." मग त्यांनी नातीला कहाणी सांगितली: शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं सापडली, म्हणून आजच्या दिवशी नांगर नाही, खणणं नाही, चिरणं नाही, तवा नाही. मी दारात उभा राहून ऐकत होतो. माझ्याकडे नांगर नव्हता. स्लिपर होत्या.

मला राहवेना. काही पाळणारे अशा वेळी अंड्याला बारीक चीर देतात, हे मी वाचलं होतं. काही म्हणतात, अजिबात देऊ नये. मी मिश्या कापायची छोटी कात्री घेतली, उकळत्या पाण्यातून काढली आणि बेसमेंटच्या दाराशी आलो. समोर आई.

"हातात काय आहे, जावईबापू?"

"कात्री. मिश्या जरा..."

"तळघरात?"

मी कात्री पाठीमागे नेली. त्या म्हणाल्या, "आज काही चिरायचं नाही. भाजीसुद्धा नाही चिरली मी. तुम्हाला इतकी घाई कसली?"

आणि मग आवाज माझा मलाच ओळखू येईना. सई खालून वर आली होती, मुग्धा लॅपटॉप घेऊन दारात, आणि मी सगळं सांगून टाकलं. चार जुलै, फटाके, स्लिपर, लाडवांसारखी अंडी. "त्यातलं एक माझ्यामुळे गेलं. ही तीनही माझ्यामुळेच..."

सई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग, "यू पुट कुंकू ऑन देम, अँड देन यू रोल्ड देम?" आवाज चिरका झाला. "आणि मी तुला म्हणत होते नोबडीज फॉल्ट!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या हातातली कात्री घेऊन आजीकडे दिली. "आज कटिंग नाही. आजी म्हणते तसंच. वी वेट. आणि बाबा खाली येणार नाही."

शिक्षा कबूल होती. लॅपटॉप घेऊन वरच्या पायरीवर बसलो. दुपारी मुग्धानं पुरणाचे दिंड आणि तुपाची वाटी तिथेच आणून दिली. "कैद्यांना सणाला गोड देतात," म्हणाली, आणि जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. उकडलेल्या कणकेची वाफ, खालून येणारा शेवाळाचा वास, आणि मधे मी. खाली नऊ पिल्लं एकेक करून अंड्यातून बाहेर येत होती. मला दिसत होता तो फक्त जिन्याच्या कोपऱ्यावर सईच्या दिव्याचा उजेड.

संध्याकाळी पाचला ती सुट्या तीन अंड्यांपाशी बसून खालून ओरडली, "वन!" तासाभरानं, "टू!" मी पायरीवर उभा राहिलो. बसलो. पुन्हा उभा राहिलो. तिसरा आकडा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या अंड्याला आता घाम सुटल्यासारखे थेंब आले होते, असं आई सांगायच्या, मग म्हणायच्या, "धीर धरा. उलटं ठेवलंत ना तुम्ही, मग त्याला सरळ व्हायला वेळ लागणारच."

गुरुवारी सकाळी सई जिन्यापाशी आली. "यू कॅन कम. पण कशाला हात लावायचा नाही."

आम्ही दोघं शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसलो. अंड्यावर रेघ होती. वर नव्हे, बाजूला, जवळजवळ तळाशी, भुश्याला लागून. आतल्या जिवानं आपल्या परीनं वर कुठलं ते ठरवलं होतं. रेघ हलली, थांबली. अर्ध्या तासानं नाक आलं, नाकाला भुश्याचा कण. मग एक डोळा. मग तो परत आत गेला. सईनं माझं मनगट धरलं होतं, किती वेळापासून कोण जाणे.

शुक्रवारी दुपारी तो बाहेर आला. बाकीच्या अकरांहून बारीक, शेपटीजवळ किंचित तिरका, पण पुरा साप, नारिंगी, ओला, स्वतःवर भयंकर खूश. सईनं त्याला भुश्यातून उचललं, उलटसुलट तपासलं, जीभ आत-बाहेर होतेय ना पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"यू रोल्ड हिम," ती म्हणाली. "सो यू होल्ड हिम."

मी ओंजळ पुढे केली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान इंग्रजी एस सारखी मागे घेतली, आणि आठ इंचांचा तो सगळा संताप एकवटून माझ्या तर्जनीला कडकडून चावला. दुखलं म्हणावं तर मुंगीएवढंही नाही. लाल मोहरीएवढा एक थेंब आला. सोडायलाही तयार नव्हता गडी, बोटाला लोंबतच राहिला.

मी तसाच जिना चढत सुटलो. मागून सई ओरडत होती, "बाबा, वेट, यू स्टिल हॅव हिम!" पण मला थांबवणं शक्यच नव्हतं. मुग्धानं घाईनं कॉल म्यूट केला, आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आल्या, आणि मी हात उंच धरून, सगळ्या ट्रॉयला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होतो, "चावला! आई, साप चावला! मला साप चावला!" मराठी भाषेत हे वाक्य इतक्या आनंदानं याआधी कुणी उच्चारलं असेल, असं मला वाटत नाही.